कपाटातील शंख आणि त्याच्या तीन चिठ्ठ्या

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेने मला भाषणासाठी बोलावले तेव्हा मुख्याध्यापकांना मी एकच विनंती केली. विज्ञानाच्या खोलीतील लाकडी कपाटाच्या दुसऱ्या फळीवर एक दगड आहे, तो त्या दिवशी व्यासपीठावर आणून ठेवावा, असे मी त्यांना कळवले. तो दगड आता माझ्यासमोर आहे. मुठीत जेमतेम मावेल एवढा, एका बाजूने ओबडधोबड आणि दुसऱ्या बाजूने आरशासारखा चकचकीत. या चकचकीत बाजूवर करड्या रंगाच्या पार्श्वभूमीवर एक पांढरट आकृती दिसते. आतील जिना उभा कापून दाखवावा तसे एकावर एक वळसे, आणि मधून वर गेलेला एक खांब. ही एका गोगलगाईची आकृती आहे. तिचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. आपली शाळा साठ वर्षांची झाली म्हणून आपण सोहळा करतो आहोत. तेव्हा या ज्येष्ठ पाहुणीला आजच्या सभेत मानाचे स्थान मिळावे, एवढीच माझी इच्छा होती.

मी आठवीत असताना शाळेच्या कुंपणाच्या भिंतीचे काम निघाले होते. मैदानाच्या कडेला दगडांचा आणि गिट्टीचा मोठा ढीग पडला होता. मधल्या सुटीत त्या ढिगावर चढू नये असा सक्त नियम होता आणि म्हणूनच आम्ही त्यावर चढत असू. त्या ढिगात मला हा दगड सापडला. त्याच्या फुटलेल्या अंगावर बोटाच्या पेराएवढे पांढरे वेटोळे दिसत होते. मी तो भूगोलाच्या सरांकडे नेला. ढिगावर चढल्याबद्दल सरांनी आधी रागावून घेतले आणि मग खिडकीपाशी जाऊन तो दगड बराच वेळ न्याहाळला. दुसऱ्या दिवशी दगड कपाटात गेला आणि त्याच्या पुढ्यात सरांच्या मोत्यासारख्या अक्षरांतली चिठ्ठी लागली: ‘समुद्री शंख. आपल्या भागात पूर्वी समुद्र होता, याचा पुरावा.’ खाली माझे नाव आणि तुकडी. पुढे मी भूविज्ञानाकडे वळले, त्याचे मूळ त्या चिठ्ठीत आहे. आज मला बोलायचे आहे ते त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले त्याबद्दल.

आपण ज्या भूमीवर उभे आहोत ती लाव्हाची भूमी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन हजार मीटरच्या घरात जाते, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. दुरून पाहिले की हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले, ते त्यामुळेच. मात्र हा लाव्हा अखंड वाहत नव्हता. एक प्रवाह थिजल्यावर पुढचा येईपर्यंत कधी हजारो वर्षांची उसंत मिळे. त्या उसंतीत खोलगट भागांत पाणी साचे, तळी होत, काठावर झाडे वाढत, पाण्यात मासे, बेडूक, शिंपले आणि गोगलगाई नांदत. तळाशी गाळ साचत राही. मग पुन्हा लाव्हा येई आणि सारे झाकून टाकी. दोन लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या या गाळाच्या थरांना भूवैज्ञानिक ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात. त्यांतील पुष्कळ गाळात पाण्याबरोबर सिलिका झिरपली आणि तो गारेसारखा कठीण झाला. त्या दगडाला चर्ट म्हणतात. शंखाचे मूळ चुनखडी कवच हळूहळू विरघळत गेले आणि त्याची जागा कणाकणाने सिलिकेने घेतली. वस्तू गेली, आकार राहिला.

या शंखांची ओळख जगाला जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी झाली. मॅल्कमसन नावाच्या सैन्यातील डॉक्टरांनी आदिलाबादकडच्या डोंगरांतून ते गोळा केले आणि १८४० साली त्यांचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील सर्वांत ठळक गोगलगाईला सॉवर्बी यांनी ‘फायसा प्रिन्सेपी’ असे नाव दिले. पुढे १८४५ साली नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी टाकळीच्या परिसरातून शंखांचा, बियांचा, हाडांचा मोठा संग्रह केला. त्यांचा निबंध १८५५ साली प्रसिद्ध झाला आणि १८६० साली हिस्लॉप यांनी शंखांवर स्वतंत्र लेखन केले. १८६३ साली टाकळघाटजवळ पुरात वाहून जाऊन त्यांचा मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाने आपल्या पायांखालचा दगड आपल्या आधी वाचला, याची खंत बाळगण्यापेक्षा त्याने तो किती काळजीपूर्वक वाचला, हे पाहण्यात अधिक लाभ आहे.

शिक्षण संपल्यावर नोकरीच्या निमित्ताने मी लखनौला गेले. दगडांच्या अभ्यासासाठी लखनौला जाणे ही तशी विसंगत गोष्ट आहे. ते शहर गंगेच्या खोऱ्यातील गाळावर वसलेले आहे. घरासाठी खणा, विहिरीसाठी खणा, हाती लागते ती माती आणि वाळू. नबाबांनी बडा इमामबाडा उभारला तोही लखौरी नावाच्या पातळ विटांत आणि चुन्यात. मी पहिले काही महिने गोमतीच्या काठाने फिरताना सवयीने खाली पाहत चालत असे आणि एकही खडा न मिळाल्याने मला परक्या ठिकाणी आल्याची जाणीव होई. पण त्याच शहरात विद्यापीठ मार्गावर एक अशी वास्तू आहे जिच्या कोनशिलेतच जीवाश्म बसवलेले आहेत. ती वास्तू म्हणजे बिरबल साहनी यांनी स्थापन केलेली पुरावनस्पतिविज्ञान संस्था.

साहनींचा जन्म १८९१ साली आज पाकिस्तानात असलेल्या भेरा या गावी झाला. केंब्रिजमध्ये शिकून ते परतले आणि १९२१ साली लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३६ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था असावी, हा त्यांचा ध्यास होता. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. साहनींनी वेगवेगळ्या भूवैज्ञानिक काळांतील जीवाश्म मिश्रणात बसवून ती मुद्दाम घडवली होती. त्यानंतर आठवडाभरातच, १० एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले. पुढची जबाबदारी त्यांच्या पत्नी सावित्रीबाई साहनी यांनी उचलली आणि २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंच्याच हस्ते त्या इमारतीचे उद्घाटन झाले. ज्याने पाया घातला त्याला भिंती पाहता आल्या नाहीत. शाळा चालवणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

साहनींचा आपल्या भागाशी फार जवळचा संबंध होता. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील चर्टमध्ये खोडे, फळे, बिया इतक्या सुरेख टिकल्या आहेत की त्यांतील पेशी मोजता याव्यात. के. पी. रोडे यांच्यासह साहनींनी त्यांवर १९३७ साली निबंध लिहिला. मातीच्या शहरात बसून त्यांनी आपल्या दगडांची उकल केली.

लखनौला मी जे काम शिकले ते दगड कापण्याचे आणि घासण्याचे. प्रथम हिऱ्याची धार बसवलेल्या चक्रीने दगड कापायचा. मग लोखंडी तबकडीवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून तो घासायचा. आधी जाड पूड, मग बारीक, मग आणखी बारीक. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, हात आणि टेबल स्वच्छ धुवायचे, कारण जाड पुडीचा एक कण मागे राहिला तरी अखेरीस आरशावर ओरखडा उमटतो. शेवटी नमद्यावर पॉलिशची पूड घेऊन चकाकी आणायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा काप करायचा असेल तर दगड काचेला चिकटवून ०.०३ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी जाडीपर्यंत, घासत न्यायचा.

या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एका सहाध्यायाने दूरच्या थरातून आणलेला नमुना माझ्याकडे काप करण्यासाठी दिला होता. त्यात लहानशा शंखाचा एकच अखंड छेद होता. तो अधिक स्वच्छ दिसावा म्हणून मी आणखी थोडा घासला, मग आणखी थोडा. पाणी ओतून पाहिले तेव्हा काचेवर काहीच उरले नव्हते. घासून गेलेला दगड परत येत नाही. तिथे दगड कापणारे एक वृद्ध कारागीर होते, त्यांना आम्ही सारे चाचा म्हणत असू. ते रागावले नाहीत. ‘बिटिया, घिसना तो सब सीख लेते हैं, रुकना सीखो,’ एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून मी कोणताही नमुना पूर्ण घासला नाही. निम्मा तसाच राखायचा, हा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला. आपल्यापुढील दगडाची एक बाजू ओबडधोबड आहे, त्याचे कारण हे.

एका दिवाळीच्या सुटीत मी शाळेत आले आणि सरांची परवानगी घेऊन हा दगड लखनौला नेला. कापून, घासून, धुऊन त्यावर प्रकाश पाडला तेव्हा आत काय होते, ते सांगते. हा शंख फायसाच्या कुळातील होता. शंखाचा शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे येते. याच्या कुळात ते डावीकडे येते. ओबडधोबड बाजूवर थोडेसे उघडे पडलेले तोंड डावीकडेच आहे. गमतीची बाब अशी की, आपल्या परंपरेत शंख शेंडा खाली धरून पाहतात. त्यामुळे देवघरात ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणून दुर्मीळ मानतो, तो विज्ञानाच्या भाषेत डावा ठरतो. समुद्रातील शंखांत जे नवल, ते या तळ्यातील गोगलगाईंच्या घरी नित्याचे होते.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. या वळशांच्या पोकळ्या नीट पाहिल्या, तर प्रत्येकीचा खालचा भाग मळकट गाळाने भरलेला आणि वरचा भाग पारदर्शक स्फटिकांनी भरलेला आहे. गोगलगाय मेली, रिकामे कवच तळाशी पडले, आत थोडा गाळ शिरून स्थिरावला आणि उरलेल्या पोकळीत पुढे सावकाश स्फटिक वाढले. गाळ आणि स्फटिक यांच्यामधली रेषा प्रत्येक पोकळीत समांतर आहे. ती त्या तळ्याची पाणसळ आहे. गवंडी भिंत समपातळीत आहे की नाही ते जसे पाहतो, तसे त्या दिवशी तळाशी वर कोणती बाजू होती आणि खाली कोणती, हे साडेसहा कोटी वर्षांनंतर या रेषेवरून सांगता येते. आणि त्याच गाळात गोड्या पाण्यात वाढणाऱ्या कारा शेवाळाची सूक्ष्म बीजे होती. प्रवाळ नव्हते, समुद्री साळू नव्हते, समुद्राचे कोणतेच चिन्ह नव्हते. हा शंख समुद्राचा नव्हता. तो तळ्याचा होता.

मित्रहो, ही गोष्ट सरांना कशी सांगावी, याचा मी गाडीत बसून रात्रभर विचार करीत होते. ज्या चिठ्ठीने मला या वाटेला लावले तीच चुकीची होती. सर तेव्हा निवृत्तीला आले होते. मी चाचरत सारे सांगितले. त्यांनी भिंग मागितले, ती पाणसळीची रेषा पाहिली, आणि विचारले, ‘हे शेवाळ गोड्या पाण्यातलेच कशावरून?’ मी कारण सांगितले. त्यांनी दुसरे विचारले, तिसरे विचारले. माझी तोंडी परीक्षा अर्धा तास चालली. मग त्यांनी कपाट उघडले, नवी चिठ्ठी घेतली आणि लिहिले: ‘गोड्या पाण्यातील गोगलगाय. पूर्वीची नोंद चुकीची होती. दुरुस्ती: शाळेची माजी विद्यार्थिनी.’ जुनी चिठ्ठी मी काढू लागले, तर म्हणाले, ‘अगं, ती राहू दे. आपण काय समजत होतो, तेही मुलांना कळले पाहिजे.’ तेव्हापासून या दगडापुढे दोन चिठ्ठ्या आहेत.

सरांच्या त्या वागण्याचा अर्थ मला लखनौनेच नंतर अधिक उलगडून दाखवला. या लाव्हाचे वय किती, हा शंभर वर्षे चाललेला वाद होता. डायनोसॉरांच्या अखेरच्या, म्हणजे क्रिटेशस काळातला की त्यानंतरच्या टर्शरी काळातला? हिस्लॉप यांनी शंखांवरून टर्शरी असे म्हटले होते. बिरबल साहनींनी १९३४ साली ‘करंट सायन्स’मध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा केला, आणि ताडवर्गीय झाडांची विपुलता यांसारख्या पुराव्यांवरून टर्शरीच्या बाजूने कौल दिला. १९४० साली मद्रासच्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अध्यक्षपदावरूनही त्यांनी तेच प्रतिपादन केले. त्यांच्या अधिकारापुढे विरोधी मत बोलणे सोपे नव्हते.

पुढे १९८०च्या दशकात अशोक साहनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नागपूर, आसिफाबाद येथील थरांतील माती धुऊन, चाळून त्यातून माशांचे दात, अंड्यांच्या कवचांचे तुकडे यांसारखे बारीक अवशेष वेचले. या भागातील ते थर क्रिटेशस काळाच्या अगदी अखेरचे ठरले. खडकांतील चुंबकत्व आणि किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून काढलेली वये यांनीही मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दोन काळांच्या सीमेवरच, झाल्याचे दाखवले. हे अशोक साहनी म्हणजे बिरबल साहनींचे सख्खे पुतणे. काकांनी मांडलेले मत पुतण्याने दुरुस्त केले. त्यामुळे काकांचे नाव लहान झाले नाही. काकांनी प्रश्न नेमका विचारून ठेवला होता, म्हणूनच पुतण्याला उत्तर शोधता आले.

चुकीची चिठ्ठी काढलीच नाही तर काय होते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात असाच गोगलगाईंनी खच्चून भरलेला दगड मिळतो. तो घासून दागिन्यांत वापरतात आणि जगभर ‘टरिटेला ॲगेट’ या नावाने विकतात. टरिटेला हा समुद्रातील मनोऱ्यासारखा शंख. प्रत्यक्षात त्या दगडातील गोगलगाय एलिमिया नावाची, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या गोड्या तळ्यातील आहे. अभ्यासकांनी चूक केव्हाच दाखवली, पण बाजाराने नाव बदलले नाही. दगड चकचकीत आहे, चिठ्ठी खोटी आहे, आणि ती दुरुस्त करणारा कोणी नाही.

आता या कथेचे अखेरचे वळण. छिंदवाडा जिल्ह्यातच झिलमिली नावाचे गाव आहे. तेथील अंतरा-ट्रॅपी थरांत फोरॅमिनिफेरा या समुद्री सूक्ष्मजीवांची कवचे आढळल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले, आणि ती टर्शरीच्या अगदी आरंभीची होती. म्हणजे त्या काळी समुद्राचा एखादा हात देशाच्या अंतर्भागात पोहोचला असावा. आपला दगड तळ्याचाच, यात बदल होत नाही. पण ‘आपल्या भागात पूर्वी समुद्र होता’ हे सरांचे वाक्य, ज्याच्यावर मी इतक्या आत्मविश्वासाने काट मारली होती, ते सर्वस्वी निराधार नव्हते. आणि काही थर टर्शरीचे आहेत, हे थोरल्या साहनींचे म्हणणेही काही ठिकाणी खरे ठरले. हे वाचले तेव्हा सर हयात नव्हते. जुनी चिठ्ठी त्यांनी राहू दिली होती, याचे मोल मला त्या दिवशी कळले.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी. हिस्लॉप ज्या टाकळीत शंख वेचत फिरले ती टाकळी आज नागपूर शहरात आहे. तिथे घरे आहेत, रस्ते आहेत. हे व्हायचेच होते. पण पाया खणताना, विहीर खोदताना, गिट्टीच्या ढिगात असा दगड दिसला तर तो उचला आणि कोठे सापडला, किती खोलीवर, कोणत्या तारखेला, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. चकाकी नंतरही आणता येते. ठिकाण विसरले की ते पुन्हा मिळत नाही, आणि ठिकाण नसलेला दगड कितीही सुंदर असला तरी मुका असतो. आपला दगडही त्या दोषातून सुटलेला नाही. तो कुंपणाच्या ढिगात आला, पण कोणत्या खाणीतून आला हे तेव्हा कोणी विचारले नाही, मीही नाही.

दुसरी विनंती. तुमचे मूल खिशातून दगड आणील, नियम मोडून आणील, कपडे मळवून आणील. जरूर रागवा. पण मग सरांसारखे खिडकीपाशी जाऊन तो दगड पाहाही. त्याला तुम्ही दिलेले उत्तर कदाचित चुकीचे असेल. त्याने फारसे बिघडत नाही. वीस वर्षांनी ते मूल परत येऊन ‘तुमचे चुकले’ असे सांगेल, तेव्हा ‘कशावरून?’ असे विचारण्याची आणि पटले तर नवी चिठ्ठी लिहिण्याची तयारी मात्र ठेवा. साठ वर्षांत या शाळेने मला दिलेली ही सर्वांत मोठी ठेव आहे.

मुख्याध्यापकांच्या अनुमतीने आज मी या दगडापुढे तिसरी चिठ्ठी ठेवते आहे. तीत लिहिले आहे: ‘गोड्या पाण्यातील गोगलगाय, फायसाचे कूळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षे. मूळ खाण नोंदलेली नाही. या परिसरात समुद्र पोहोचला होता का, हा प्रश्न अद्याप खुला आहे. पहिली चिठ्ठी काढू नये.’ खाली मी थोडी जागा कोरी सोडली आहे. पुढे कोणीतरी येईल आणि माझी चूक तिथे लिहील. ते लिहिणारे हात या शाळेचेच असावेत, अशी शुभेच्छा व्यक्त करते.